न येणारा प्रेक्षक येतो तेव्हा

चित्रपट चालल्यानंतर त्याची कारणे सांगणाऱ्यांची वाण नसते. तो चालण्यापूर्वी ती सांगणारा मात्र सापडत नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्या यशाचे भाकीत करण्याजोगे त्यात फारसे काही दिसत नव्हते. नायक-नायिका दोघेही नवखे, बोली करमाळ्याकडची, विषय आंतरजातीय प्रेमाचा आणि शेवट असा की प्रेक्षकाने घरी जाताना गुणगुणावे असे काही उरू नये. सुमारे चार कोटी रुपयांत तयार झालेल्या या चित्रपटाने शंभर कोटींच्या वर गल्ला जमवला. मराठी चित्रपटाने हा आकडा प्रथमच गाठला. काही गावी तर गर्दी आवरेना म्हणून मध्यरात्रीही खेळ लावावे लागले.

हे यश कशाचे? कोणी ते अजय-अतुल यांच्या संगीताचे मानले, कोणी नागराज मंजुळे यांच्या दिग्दर्शनाचे, कोणी जाहिरातीचे. यांपैकी प्रत्येक उत्तरात तथ्य आहे. परंतु उत्तम संगीत असलेले, कुशल दिग्दर्शकाचे आणि भरपूर जाहिरात झालेले कित्येक चित्रपट दुसरा आठवडाही पाहत नाहीत. तेव्हा प्रश्न थोडा निराळ्या रीतीने मांडावयास हवा. चित्रपट कशामुळे चालला, हे विचारण्याआधी तो पाहावयास कोण आले, हे विचारले पाहिजे.

न चाखता घेण्याचा माल

अर्थशास्त्राच्या दृष्टीने चित्रपट ही मोठी विलक्षण वस्तू आहे. बाजारात आपण आंबा हुंगून घेतो, कापड हाताने चाचपतो, तांदळाचा दाणा दाताखाली धरून पाहतो. चित्रपटाचे पैसे मात्र आधी मोजावे लागतात आणि माल कसा आहे ते नंतर कळते. शिवाय तो आवडला नाही म्हणून परतही करता येत नाही. दुसरे असे की, त्याचा बहुतेक सर्व खर्च पहिला प्रेक्षक आत येण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. त्यानंतर दहा माणसे आली काय किंवा दहा लाख आली काय, निर्मितीच्या खर्चात फरक पडत नाही. म्हणूनच या धंद्यात नुकसान सर्रास होते आणि नफा झालाच तर तो अफाट होतो. जगभर मूठभर चित्रपट एकूण उत्पन्नाचा मोठा वाटा नेतात आणि बाकीचे त्यांच्या सावलीत संपून जातात.

अशा मालाची खात्री ग्राहकाने करून घ्यावी कशी? त्याला एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे आधी पाहून आलेल्याचा शब्द. जाहिरात पहिल्या तीन दिवसांची गर्दी आणू शकते; चौथ्या दिवसाची गर्दी पहिल्या तीन दिवसांतले प्रेक्षक आणतात. २०१८ च्या दिवाळीत आलेल्या ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ने पहिल्याच दिवशी हिंदी चित्रपटांतील तोवरचा उच्चांक मोडला, आणि आठवडा उलटण्याच्या आत त्याची घसरगुंडी झाली. याच्या अगदी उलट कथा ‘टायटॅनिक’ची. डिसेंबर १९९७ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत त्याने सुमारे २.८६ कोटी डॉलर मिळवले. त्या देशातील त्याची अंतिम कमाई ६० कोटी डॉलरच्या घरात गेली. म्हणजे पहिल्या तीन दिवसांचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी. सलग पंधरा आठवडे तो पहिल्या क्रमांकावर राहिला. आपल्या ‘शोले’विषयीही १९७५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या दिवसांतील बोलणे निराशेचेच होते. पुढे तो मुंबईच्या ‘मिनर्व्हा’त पाच वर्षे मुक्काम ठोकून बसला.

दोन प्रकारचे प्रेक्षक

परंतु तोंडोतोंडीची प्रसिद्धी म्हणजे सर्व काही नव्हे. ती कोणाच्या तोंडून कोणाच्या कानी जाते, यावर यशाची मर्यादा ठरते. प्रेक्षकांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. एक सवयीचा प्रेक्षक: तो शहरात राहतो, तरुण असतो आणि या शुक्रवारी हा नाही तर तो चित्रपट पाहतोच. त्याची संख्या मर्यादित असते आणि सर्व चित्रपट तिच्यातच वाटेकरी होतात. दुसरा प्रेक्षक वर्षानुवर्षे चित्रपटगृहाची पायरी चढत नाही. घरची कामे, अंतर, पैसा, संकोच यांपैकी काहीतरी त्याला अडवते. साधारण यश आणि प्रचंड यश यांतला फरक या दुसऱ्या प्रेक्षकाने ठरवलेला असतो. तो घराबाहेर पडला की आकड्यांची सारी गणिते मोडतात.

याचे दाखले आपल्याकडे पुष्कळ आहेत. ‘शोले’ आणि ‘दीवार’ ज्या १९७५ साली आले, त्याच साली अल्प खर्चात तयार झालेला ‘जय संतोषी माँ’ त्यांच्या रांगेत जाऊन बसला. जाणकारांनी त्याची दखलही घेतली नव्हती. पण खेड्यापाड्यांतून स्त्रिया आल्या, चित्रपटगृहाबाहेर चपला काढून आत गेल्या आणि पडद्यावर फुले व नाणी उधळू लागल्या. १९९१ मध्ये विजय कोंडके यांच्या ‘माहेरची साडी’ने हेच घडवले. त्यावर समीक्षकांनी नाके मुरडली. सासुरवाशिणींनी मात्र लेकी-सुनांसह जाऊन पदर ओले केले. २०२३ च्या जूनअखेर आलेल्या केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’साठी बायका भिशीच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या गटाने, नटूनथटून गेल्या. सहा बहिणींची ही गोष्ट पाहणाऱ्या कित्येकींच्या बाबतीत, नवऱ्याविना व मुलांविना चित्रपटाला जाणे हीच नवलाई होती. ‘सैराट’च्या वेळी ग्रामीण तरुण असाच लोटला. पडद्यावर त्याला त्याचीच विहीर, त्याचाच उसाचा फड आणि त्याचीच बोली भेटली.

परगावी काय पोहोचते?

येथे एक शंका सहज येईल. इतका स्थानिक मजकूर असेल तर चित्रपट त्या मुलखापुरताच राहावयास हवा. मग काही चित्रपट देश आणि भाषा ओलांडून जातात ते कसे?

अनुभव असा की, परमुलखात वेशभूषा व बोली नवी वाटते. पण तिच्या आतला नातेसंबंध ओळखीचा निघतो, आणि चित्रपट त्या नात्याच्या बळावर प्रवास करतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) देहूच्या मातीतला. मुंबईच्या ‘सेंट्रल’ चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विठ्ठल कोण हे तेथील परीक्षकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु देवात रमलेला नवरा आणि चुलीची चिंता वाहणारी बायको हे जोडपे त्यांना समजले. हरियाणातील पहिलवान बाप व त्याच्या मुली यांच्यावरील ‘दंगल’ने २०१७ मध्ये एकट्या चीनमध्ये हजार कोटी रुपयांहून अधिक कमावले. कुस्तीपेक्षा बापाच्या हट्टाखाली वाढणारी मुले हा तेथील घराघरांतला विषय होता.

उलटपक्षी, मुळातील टोक घासून गुळगुळीत केले म्हणजे माल सर्वांना खपतो, हा समजही तपासून घ्यावा. ‘सैराट’च्या कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आवृत्त्या निघाल्या. २०१८ मध्ये हिंदीत ‘धडक’ आला. कथा उदयपूरला नेली, पात्रांना श्रीमंती आली आणि जातीचा काटा बोथट झाला. हिंदीचा बाजार मराठीच्या कितीतरी पट मोठा. तरीही मूळ मराठी चित्रपटाला फार मागे टाकणे ‘धडक’ला जमले नाही.

अर्थात, आपल्या गावची गोष्ट सांगितली की यश ठरलेलेच, असा सोपा सिद्धांत यातून काढता येणार नाही. गावची प्रामाणिक गोष्ट सांगणारे अनेक मराठी चित्रपट पारितोषिके घेऊन फडताळात पडले आहेत. ओळख ही अनिवार्य अट आहे, पुरेशी नव्हे. तिच्या जोडीला सांगण्याची हातोटी लागते, गाणी लागतात आणि योग्य वेळ लागते. परंतु आणखी एक अट आहे, जिचा उच्चार चित्रपटविषयक चर्चेत क्वचितच होतो. ती म्हणजे पडदा.

पडदा कोठे आहे?

माळशेज घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वैशाखरेसारख्या गावाचे उदाहरण घेऊ. येथे चित्रपटगृह नाही. शहरी थाटाच्या बहुपडदा चित्रपटगृहासाठी मुरबाडमार्गे कल्याण गाठावयाचे तर अंतर पन्नास किलोमीटरांहून अधिक. समजा, चौघांच्या कुटुंबाने दोनशे रुपयांची चार तिकिटे काढली. एसटीचे भाडे व चहापाणी धरता खर्च हजाराच्या पुढे जातो. २०२५-२६ साठी रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातील दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. म्हणजे तीन तासांच्या करमणुकीची किंमत तीन दिवसांच्या मजुरीहून अधिक. ज्या प्रेक्षकाच्या येण्याने चित्रपट अफाट चालतो, त्याच्यासाठीच तो सर्वांत महाग आहे.

पूर्वी हे अंतर तंबूतल्या सिनेमाने बुजवले होते. जत्रेजत्रेत पडदा उभारणाऱ्या फिरत्या टॉकीजनी महाराष्ट्रातील खेड्यांना चित्रपट दाखवला, तोही खिशाला परवडेल अशा दरात. ज्या २०१६ साली ‘सैराट’ने शंभर कोटी ओलांडले, त्याच साली महाराष्ट्रातील या फिरत्या टॉकीजच्या अस्ताची कथा सांगणाऱ्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाला कान महोत्सवात सन्मान मिळाला. ग्रामीण प्रेक्षकाची ताकद आणि ग्रामीण पडद्याचा मृत्यू यांची साक्ष एकाच वर्षाने द्यावी, याला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

शासनाचे लक्ष आजवर शहरांतील वेळापत्रकावर अधिक राहिले. १९७१ मध्ये दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या ‘कोहिनूर’मध्ये जागा राखण्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले होते. २०१५ मध्ये बहुपडदा चित्रपटगृहांनी मराठी चित्रपटाला दुपारी १२ ते रात्री ९ या वेळात खेळ द्यावा, असे सरकारने ठरवले. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. हे सारे योग्यच. परंतु जेथे पडदाच नाही, तेथे राखीव वेळ कोणाला आणि करसवलत कोणाला?

तालुक्याच्या गावी शे-दीडशे आसनांची साधी चित्रपटगृहे, एसटी स्थानकांच्या पडीक जागांचा त्यासाठी उपयोग, फिरत्या टॉकीजना सुलभ परवाने: यांतले काहीच अशक्य कोटीतले नाही. चित्रफितींची जड पेटी वाहण्याचे दिवस सरले असल्याने खर्चही पूर्वीइतका नाही. कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आहे, त्यावर चित्रपट दिसतो. दिसतो खरा, पण एकट्याला दिसतो. ‘सैराट’च्या शेवटी सभागृहात पसरणारी शांतता हातातल्या पडद्यावर अनुभवता येत नाही. ज्यांच्या घरात जातीचा तो प्रश्न जिवंत आहे, अशी माणसे तेथे शेजारी शेजारी बसून गप्प होत होती. समाजाला आपला चेहरा एकत्र बसून पाहण्याच्या अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत.

पुढचे मोठे यश कोणत्या विषयाला मिळेल, हे सांगण्याचे धाडस शहाण्याने करू नये. ते कोणामुळे मिळेल, एवढे मात्र सांगता येते. आज जो चित्रपटगृहात येत नाही, तोच ते देणार आहे. त्याच्या गावाजवळ पडदा असेल की नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर चित्रपटसृष्टीइतकेच शासनानेही द्यावयाचे आहे.