फुकट डिझाइन

शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला ट्रकमध्ये फावडी फेकल्याचा आवाज आला की समजायचं, घरमालकीणबाई कामाला लागल्या. गेली दीड वर्षं मी अमेरिकेत अल्बुकर्कीला राहतोय. न्यू मेक्सिको राज्यात. (मेक्सिको नव्हे. आईला हे अजून दर फोनवर सांगावं लागतं.) बाईंच्या घरामागची एक खोली मी भाड्याने घेतलीय. बाई लोकांना बागा आणि घरं डिझाइन करून देतात. धंदा म्हणजे त्या स्वतः, एक जुना मदतनीस, एक ट्रक आणि स्वयंपाकघरातलं टेबल. मागच्या वर्षी या धंद्याला मी एक सल्ला दिला. आजची पोस्ट त्या सल्ल्याबद्दल.

आधी गावाबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. उंची साधारण ५,३०० फूट. म्हणजे कळसूबाईच्या टोकावर वसवलेलं शहर समजा. पाऊस मात्र वर्षाला जेमतेम ९ इंच. पुण्यात याच्या तिप्पट पडतो. रात्री थंड, दुपारी भाजणारं ऊन, वसंतात वाळू उडवणारा वारा. जर्दाळूची झाडं लवकर फुलून बसतात आणि एप्रिलमधली एखादी थंडगार रात्र सगळी फुलं मारून टाकते. माती अल्कधर्मी, आणि बऱ्याच ठिकाणी फूटभर खणलं की चुन्याचा कडक थर लागतो. त्यावर पहार मारली की अक्षरशः वाजते. थोडक्यात, चुकीचं झाड लावलंत तर इथलं हवामान दयामाया दाखवत नाही.

बाग आणि घर असे दोन धंदे एकत्र का, हा मला आधी पडलेला प्रश्न. उत्तर सोपं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बागेत फारसं काम नसतं, तेव्हा बाई पडदे, रंग, ओसरी, स्वयंपाकघर असली कामं घेतात. पण दुसरंही एक कारण आहे, आणि ते मला जास्त आवडलं. इथे घर आणि बाग वेगळी काढताच येत नाहीत. जुन्या पद्धतीच्या घरांची छपरं सपाट असतात आणि पाणी जायला भिंतीतून पन्हळी बाहेर काढलेल्या असतात. १,५०० चौरस फुटांच्या छपरावर वर्षाला, कागदावर तरी, ३१ हजार लिटर पाणी पडतं. बाई पन्हळीखाली खळगा करून तिथेच झाड लावतात. पश्चिमेच्या खिडकीसमोर पानगळीचं झाड, म्हणजे उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन. घर आधीच चुकीच्या दिशेला बांधलं असेल तर निम्मा खेळ झाडावर. नकाशा काढताना त्या छप्पर आणि झाड एकाच पेन्सिलने काढतात.

आणि या नकाशाचे त्या पैसे घ्यायच्या. झाडांचे वेगळे, मजुरीचे वेगळे, आणि नुसतं येऊन बघून सांगण्याचे वेगळे. गावातले बरेच मोठे कॉन्ट्रॅक्टर डिझाइन फुकट देतात. त्यामुळे बाईंचे अर्धे गिऱ्हाईक पहिल्या फोनलाच "कळवतो" म्हणून गायब व्हायचे.

इथे अस्मादिकांचा प्रवेश. एका रविवारी मी त्यांचा हिशेब एक्सेलमध्ये घालून दिला (भाड्यात काही सूट मिळाली नाही, असो). आणि वर हुशारी पाजळली. म्हटलं, सल्ल्याची फी काढून टाका, झाडांवरचं मार्जिन वाढवा. गिऱ्हाईकाला फुकट मिळाल्याचा आनंद आणि तुम्हाला पैसे तेवढेच. रंगीत चार्टसुद्धा काढला. आपल्याकडे रंगीत चार्ट दिसला की कोणी फार प्रश्न विचारत नाही. बाईंनीही विचारले नाहीत.

तो सीझन जोरात गेला. कामं वाढली, झाडं विकली गेली. जुलैत एका संध्याकाळी बाईंनी मला टेबलावर बोलावलं आणि दोन नकाशे समोर ठेवले. जवळजवळ सारख्या आकाराची दोन अंगणं. फीच्या काळातल्या नकाशात २२ झाडं, माझ्या सल्ल्यानंतरच्या नकाशात ४१.

"मी ठरवून वाढवली नाहीत," त्या म्हणाल्या. "हातच तसा चालायला लागला."

त्या ४१ मध्ये अ‍ॅस्पेन होते. पांढऱ्या खोडाचं देखणं झाड, पण ते डोंगरात वर गार हवेत राहणारं. खाली गावाच्या उन्हात ते कण्हत जगतं. पूर्वी गिऱ्हाईकाने मागितलं तरी बाई नाही म्हणायच्या, कारण नाही म्हणण्याचेच त्यांना पैसे मिळायचे. आता नाही म्हटलं की त्यांचाच खिसा रिकामा. एका वर्षात मेलेलं झाड बदलून द्यायची त्यांची हमी असते. त्या उन्हाळ्यात बदलून द्यायच्या झाडांनी सीझनचा नफा बराचसा खाल्ला. हिवाळ्यात मदतनिसाला आठवड्याचे पाच दिवस देता आले नाहीत, तीनच दिले. तो मला अजूनही सकाळी हसून हात करतो, पण मी त्याच्याकडे नीट बघू शकत नाही. हा बग माझा होता.

म्हणून माझं आता स्पष्ट मत झालंय की रुक्ष प्रदेशात फुकट डिझाइन देणारा माणूस गिऱ्हाईकाचा मित्र नसतो. तो वाईट असतो असं नाही. त्याचे पैसे ज्या गोष्टीत आहेत त्या गोष्टी तुमच्या अंगणात जास्त येणार, इतकंच. नळ्या, रोपं, खडी. खडीचं तर विचारूच नका. १९८१ मध्ये डेन्व्हरच्या पाणीपुरवठा खात्यातून 'झेरीस्केप' हा शब्द आला, अर्थ कमी पाण्याची बाग. लोकांनी त्याचा अर्थ घेतला बागच नको. प्लॅस्टिक अंथरून वर खडी ओतली की झाली झेरीस्केप. मग ती खडी दिवसभर तापते, कडेचं झाड भाजतं आणि घरातला कूलर रात्रीपर्यंत धावतो. वाळवंटी झाडालासुद्धा पहिली दोनतीन वर्षं, मुळं खोल जाईपर्यंत, पाणी घालावं लागतं. हे सांगायला दहा मिनिटं लागतात आणि त्यात विकण्यासारखं काहीच नसतं. म्हणूनच त्या दहा मिनिटांचे पैसे द्यायला हवेत.

आपल्या धंद्यात काय वेगळं आहे म्हणा. प्रपोजल फुकट आणि बिलिंग माणसांच्या डोक्यांवर, मग चार जणांच्या कामाला नऊ जण लागतात यात नवल ते काय! "हे सॉफ्टवेअर तुम्हाला नकोच आहे" असं क्लाएंटला सांगणारा माणूस मी एका प्रोजेक्टवर पाहिला होता. पुढच्या प्रोजेक्टवर तो नव्हता.

आणि पुण्यातले वाचक हसत असतील तर त्यांनी आपल्या सोसायटीचं ब्रोशर काढून बघावं. हजार चौरस फूट लॉनला आठवड्याला एक इंच पाणी म्हणजे २,३६० लिटर. चार आठवड्यांत जवळपास १० हजार लिटरचा एक टँकर. एप्रिलमध्ये पिण्याच्या पाण्याचा टँकर गेटवर उभा आणि आत स्प्रिंकलर चालू, हे दृश्य मी स्वतः पाहिलंय. ते लॉन काढणाऱ्या लँडस्केपवाल्याला कोणी "इथे गवत नको" असं सांगण्याचे पैसे दिले होते का? मला शंका आहे.

बाईंनी या वर्षी फी परत सुरू केली. फोन पुन्हा कमी झालेत. हे गणित बसेल की नाही, मला खरंच माहीत नाही, आणि या वेळी मी चार्ट काढलेला नाही. मदतनीस सध्या चार दिवस येतो.

गेल्या महिन्यात मी एका ओळखीच्या गुजराती कुटुंबाकडून कढीपत्त्याचं रोप आणलं. दाराबाहेर कुठे लावू, म्हणून बाईंना विचारलं. त्यांनी रोप बघितलं, भिंत बघितली, वाऱ्याची दिशा बघितली.

"बाहेर नको. कुंडीत लाव आणि थंडीत आत घे."

आणि माझ्याकडून फी घेतली. पावतीसुद्धा दिली.