पन्हाळ्याचे वाडे : पाहणाऱ्यांचे आणि राहणाऱ्यांचे

कोल्हापूरहून पन्हाळ्याला निघालेली गाडी घाट चढून गडावर प्रवेश करते, ती एका अस्तित्वात नसलेल्या दरवाजातून. चार दरवाजा या नावाने ओळखले जाणारे हे प्रवेशद्वार १८४४ मधील गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी पाडून टाकले. आज तेथे अवशेष तेवढे उरले आहेत आणि बहुसंख्य पर्यटकांच्या ते लक्षातही येत नाहीत. पुढे बाजीप्रभू देशपांडे यांच्या पुतळ्यापाशी छायाचित्रे, तबक उद्यानात फेरफटका, तीन दरवाजाची कमान, कड्यावरून दिसणारी दरी, गरम भजी आणि सूर्यास्तापूर्वी परतीचा प्रवास, असा पन्हाळा दर्शनाचा ठरलेला क्रम आहे. या क्रमात गडावरील कोठ्या, महाल आणि वाडे येतात, परंतु ते बाहेरून. ज्या वास्तूंमध्ये मराठ्यांच्या इतिहासातील काही निर्णायक प्रसंग घडले, त्यांना आपल्या पर्यटनाने केवळ पार्श्वभूमीची जागा दिली आहे.

या स्थितीचा विचार करण्यास आता एक सबळ निमित्त आहे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणाऱ्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या यादीत समावेश झाला. त्यातील अकरा किल्ले महाराष्ट्रातील, तर जिंजी हा तामिळनाडूतील. या अकरांत पन्हाळा आहे आणि तो इतरांहून निराळा आहे. रायगड, राजगड किंवा साल्हेर यांच्याप्रमाणे तो इतिहासात थांबलेला गड नाही. येथे गडावरच नगरपरिषद आहे, तालुक्याचा कारभार आहे, शाळा, बाजार, हॉटेले आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार या गावाची लोकसंख्या ३,१२१ होती. म्हणूनच, वारसा जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न बाराही किल्ल्यांत पन्हाळ्यावर सर्वाधिक तीव्रतेने उभा राहतो.

वास्तूंमधला इतिहास

पन्हाळ्याचे नाव घेतले की आपल्याला प्रथम आठवतो तो १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा. १३ जुलैच्या त्या रात्रीचे स्मरण म्हणून दर पावसाळ्यात हजारो पावले पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे निघतात, हे योग्यच आहे. परंतु या एका रात्रीने गडाचा बाकीचा सुमारे आठशे वर्षांचा इतिहास झाकून टाकला आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस या गडाला आकार आला. पुढे आदिलशाहीने त्याची तटबंदी व दरवाजे बलदंड केले. शिवाजी महाराजांनी तो १६५९ मध्ये घेतला, १६६० मध्ये सोडला आणि १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाच्या मूठभर माणसांनी तो पुन्हा जिंकून दिला.

मात्र गड केवळ लढण्यासाठी नसतो, त्यावर माणसे राहतात. ही राहण्याची बाजू येथील वास्तूंमध्ये वाचता येते. पूर्वेकडील कड्याच्या काठावर उभी असलेली दुमजली सज्जा कोठी घ्या. शिवाजी महाराजांनी संभाजीराजांना येथे नजरकैदेत ठेवले होते, अशी परंपरा आहे. १६७८ च्या डिसेंबरात संभाजीराजे दिलेरखानाकडे गेले, वर्षभराने याच गडावर परतले आणि जानेवारी १६८० मध्ये पितापुत्रांची अखेरची भेट पन्हाळ्यावरच झाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत रायगडावर महाराजांचे देहावसान झाले. ज्या गडावर हे घडले, तेथील या कोठीच्या सज्जात पर्यटक सरासरी किती वेळ थांबतो? एका छायाचित्राला लागेल तेवढाच.

गंगा, यमुना आणि सरस्वती या तीन कोठारांचा अंबारखाना हे या गडाचे पोट. त्यांतील गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगितले जाते. बाहेरच्या पायऱ्यांनी छतावर जाऊन तेथील झरोक्यांतून धान्य आत ओतण्याची व्यवस्था आजही डोळ्यांनी पाहता येते. चार महिने वेढा कसा सोसला, याचे उत्तर तलवारीइतकेच या भिंतींत आहे. जवळची धर्मकोठी दानधर्माची, तर कलावंतिणीचा महाल गडावरील करमणुकीची आठवण सांगतो. अंधार बाव ही तर विहीर आणि गुप्त ठाणे यांचा संगमच होय. तिच्या खालच्या मजल्यावर पाणी, मधल्या मजल्यावर तटाबाहेर उघडणारी वाट आणि वर पहाऱ्याची जागा आहे.

आणि ताराराणींचा वाडा. राजारामांच्या निधनानंतर औरंगजेबाशी झुंज देणाऱ्या या राणीने पन्हाळा ही आपल्या सत्तेची राजधानी केली. १७१४ मध्ये सत्तापालट झाला, तेव्हा ताराराणी आणि त्यांचे पुत्र याच गडावर कैदेत पडले. राजधानी आणि बंदिवास या दोन्ही गोष्टी एकाच तटबंदीच्या आत त्यांच्या वाट्याला आल्या. १७८२ मध्ये करवीर राज्याची राजधानी कोल्हापुरास हलली आणि पन्हाळ्याच्या वाड्यांचा राजकीय उपयोग संपला.

वापर आणि विस्मरण

येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. राजधानी हलल्यावर जी वास्तू रिकामी राहिली, तिची पडझड झाली. कलावंतिणीच्या महालाची आजची अवस्था याची साक्ष आहे. ज्या वास्तूला नवा उपयोग मिळाला, ती मात्र टिकली. ताराराणींच्या वाड्यात अनेक दशके नगरपालिकेचे कार्यालय, हायस्कूल आणि मिलिटरी बॉइज होस्टेल नांदले. रोज उघडणारे दार, रोज झाडली जाणारी ओसरी आणि गळू लागले की दुरुस्त होणारे छप्पर यांनी तो वाडा उभा ठेवला. राजवाड्यात शाळा भरणे हे इतिहासप्रेमींना खटकू शकते. वापरातून हानीही होते. भिंतींना खिळे बसतात, मूळ लाकूडकामावर रंगाचे थर चढतात, विजेच्या तारा कोरीव कामावरून धावतात. तरीही पन्हाळ्याचा अनुभव सांगतो की, दक्षिण महाराष्ट्रातील पावसात रिकाम्या वाड्याचा सर्वांत मोठा शत्रू त्याचा रिकामेपणाच असतो.

ऐतिहासिक वाडे पाहायला लोक जातात, तेथे काय घडते, याचे एक परदेशी उदाहरण उद्‌बोधक ठरावे. अमेरिकेतील न्यूपोर्ट हे समुद्रकाठचे हवापालटाचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे धनाढ्य कुटुंबांनी उन्हाळ्यापुरते राहण्यासाठी महाल बांधले. १८९५ मध्ये पूर्ण झालेल्या व्हँडरबिल्ट कुटुंबाच्या 'द ब्रेकर्स' या वास्तूत सत्तर खोल्या आहेत. पुढे असे महाल सांभाळणे मालकांनाही परवडेनासे झाले. काही पाडले गेले. तेव्हा १९४५ मध्ये तेथील नागरिकांनी जतनासाठी संस्था स्थापन केली. 'द ब्रेकर्स' १९४८ पासून वर्षाला एक डॉलर या नाममात्र भाड्याने लोकांसाठी खुला झाला आणि १९७२ मध्ये संस्थेने तो विकतच घेतला. दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत प्रत्येक दालनाची कथा तेथे पाहुण्याला सांगितली जाते आणि तिकिटाचे उत्पन्न त्याच वास्तूंच्या देखभालीला लागते.

न्यूपोर्टची नक्कल पन्हाळ्याला करता येणार नाही, आणि करूही नये. तेथे रिकामे झालेले महाल होते, येथे नांदते गाव आहे. परंतु वास्तू पाहणे म्हणजे तिच्यापुढून जाणे नव्हे, ही साधी गोष्ट तेथून निश्चित घेता येईल.

भीती कशाची?

जागतिक वारशाच्या नामांकनाची प्रक्रिया सुरू असताना पन्हाळ्यातील नागरिकांत अस्वस्थता होती. गाव गडाखाली हलविले जाईल, बांधकामाला कायमची बंदी येईल, व्यवसाय बुडतील, अशी भीती व्यक्त झाली आणि २०२५ च्या प्रारंभी तिला उघड विरोधाचे रूप आले. कोणाचेही विस्थापन होणार नाही, अशी ग्वाही प्रशासनाने दिली. तरीही भीती पूर्णपणे निवळत नाही, याचे कारण समजून घ्यायला हवे.

युनेस्को कोणाचे घर हलवीत नाही, कोणाची जमीन घेत नाही आणि देखभालीसाठी दरवर्षी निधीही पाठवीत नाही. पन्हाळकरांना जाचणारे निर्बंध याहून जुने आहेत आणि ते भारताच्याच कायद्याचे आहेत. पन्हाळगड हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित ठरते. मोकळ्या माळावरील एकट्या स्मारकाच्या बाबतीत हा नियम राबविणे सोपे आहे. परंतु जेथे तट, बुरूज, कोठारे आणि दरवाजे गावभर विखुरलेले आहेत, तेथे ही वर्तुळे एकमेकांत मिसळतात आणि घरांवरून जातात. दुरुस्तीला कायद्याने पूर्ण मनाई नाही, मात्र तिला परवानगी लागते. गळके कौल बदलण्यासाठी कागदपत्रांची फाईल करावी लागणाऱ्या माणसाला वारसा हा अभिमानाचा नव्हे, तर अडवणुकीचा विषय वाटू लागतो. आणि याच गोंधळाच्या आडोशाने ज्यांना बेकायदा मजले चढवायचे असतात, ते चढवितात. प्रामाणिक रहिवासी अडतो आणि धाडसी बांधकाम करणारा सुटतो, ही वारशाच्या दृष्टीने सर्वांत वाईट अवस्था होय.

नांदत्या किल्ल्याचा दुसरा प्रश्न पाण्याचा आहे. २०१३ मध्ये राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांसह यादीत गेलेला जैसलमेरचा किल्ला असाच लोकवस्तीचा. कोरड्या हवेसाठी बांधलेल्या त्या किल्ल्यात नळाचे पाणी आले, सांडपाणी पायात मुरले आणि तटाला धोका निर्माण झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये पावसात तेथील भिंतीचा काही भाग कोसळला. पन्हाळ्याला हा इशारा पुरेसा आहे. येथे पावसाचे प्रमाण कित्येक पटींनी अधिक आहे. २०१९ आणि पुन्हा २०२१ च्या अतिवृष्टीत गडाचा मुख्य रस्ता खचला, तेव्हा गावाचा नेहमीचा संपर्कच तुटला होता. डोंगराच्या माथ्यावरून पाणी कोठून, कसे उतरावे याची योजना ही रोषणाई आणि स्वागत कमानींच्या आधी व्हायला हवी. ती छायाचित्रात दिसत नाही, म्हणून मागे पडता कामा नये.

रखवालदार कोण?

जागतिक वारसा समितीने २००७ मध्ये आपल्या धोरणात्मक उद्दिष्टांमध्ये स्थानिक समाजाच्या सहभागाची भर घातली. तेव्हा पन्हाळकरांना वगळून पन्हाळा जपण्याचा विचार जागतिक निकषांतही बसत नाही. त्यासाठी प्रथम, कोणत्या घराला काय करता येईल आणि काय नाही, हे सर्वे क्रमांकांसह मराठीत छापून गावात लावले पाहिजे. दुरुस्तीच्या अर्जाला ठरावीक मुदतीत उत्तर मिळाले पाहिजे. दुसरे, वास्तूंची दालने अभ्यासपूर्वक खुली व्हावीत. सज्जा कोठीत संभाजीराजांचा काळ, अंबारखान्यात धान्य आणि वेढ्याचे अर्थकारण, ताराराणींच्या वाड्यात त्यांचे राज्य व बंदिवास यांची मांडणी झाली, तर दोन तासांत संपणारा पन्हाळा दोन दिवसांचा होईल. त्यात परंपरा कोठे संपते आणि पुराव्याने सिद्ध झालेला इतिहास कोठे सुरू होतो, हेही प्रांजळपणे सांगितले जावे. तिसरे, ही माहिती सांगणारे वाटाडे गावातीलच तरुण असावेत आणि त्यांना रीतसर प्रशिक्षण मिळावे. मुक्कामी राहणारा पाहुणा हा भज्यांच्या गाडीपासून घरगुती खानावळीपर्यंत सर्वांच्याच उपयोगाचा असतो.

या यादीतील प्रत्येक स्थळाच्या स्थितीचा आढावा ठरावीक काळाने सादर करावा लागतो. तो कागदावर उत्तम लिहिता येईल, त्यात शासकीय यंत्रणेचा हात कोणी धरू शकत नाही. खरी परीक्षा निराळी आहे. पहिल्याच पावसाळ्यात सज्जा कोठीजवळ राहणाऱ्या रहिवाशाला आपल्या घराच्या छपरासाठी किती खेटे घालावे लागले आणि त्याच कोठीत आलेल्या शाळकरी मुलाला तेथे काय घडले हे कोणी समजावून सांगितले का, या दोन प्रश्नांची उत्तरे पन्हाळ्याचे भवितव्य सांगतील. चार दरवाजा शत्रूने पाडला, त्याचा दोष आपल्याकडे येत नाही. उरलेल्या वास्तूंची जबाबदारी मात्र सर्वस्वी आपली आहे.