मातीचा कर्ब आणि तुरीचा भाव



कपाशीत तुरीचे तास आणि पुढच्या साली त्याच वावरात ज्वारी, ही पहूरकडच्या कोरडवाहू रानाची जुनी रीत. आता कपाशीवर कपाशी. वर फरदड! बीटीला आमचा विरोध नाही; एकट्या पिकाचा हिशेब मांडायचा आहे.

मुळांतून पाझरणारा रस हे मातीतल्या जिवाणूंचे अन्न. तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतील नत्र बांधतात. ज्वारीच्या तंतुमुळांवर वाढणारी बुरशी मातीचे कण धरून ठेवते. हे जीव मरतात तेव्हा त्यांचे अवशेष मातीच्या कणांना चिकटून राहतात. सेंद्रिय कर्बाचा मोठा वाटा तोच. जर्मनीत येना येथे 2002 साली सुरू झालेल्या प्रयोगात अनेक जातींच्या वाफ्यांत कर्ब जास्त साठला. ते गवताचे रान होते, आमची काळी माती वेगळी. पण जिवाणूंना भूक तिथेही आहे, इथेही.

2015 पासून सरकार मृदा आरोग्य पत्रिका देते. कर्ब कमी दिसला की उपदेश आम्हालाच! 2016-17 च्या हंगामात बोनससह तुरीचा हमीभाव क्विंटलला 5050 रुपये होता. बाजारात तूर त्याखाली गेली, कारण पीक उदंड आणि निर्यातीला कुलूप. कुलूप निघाले सप्टेंबर 2017 मध्ये. तोवर गरजवंताची तूर विकून झाली होती. मग तुरीचे तास कोण पेरणार?

पुढच्या बैठकीला मृदा पत्रिका आणि तूरविक्रीची पावती, दोन्ही घेऊन या. शेजारी शेजारी ठेवून वाचू.