प्लॉट घ्या, पाणी विचारू नका

अमरावतीहून वलगावमार्गे परतवाड्याकडे निघालं की रस्त्याच्या कडेला पराटी कमी आणि फलक जास्त दिसतात. एनए प्लॉट, सुलभ हप्ते, विमानतळ इतक्या मिनिटांवर. शहर वाढतंय तर त्याची जाहिरात होणारच, त्यात वावगं काही नाही. पण ती नेमकी कोणासाठी आहे?

सांगण्यासारखं पुष्कळ आहे. 20 सप्टेंबर 2024 ला अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. जागा हजार एकर. 16 एप्रिल 2025 ला बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. दोन्हींचा मला आनंदच आहे. 1853 मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार घेतला तो कापसावर डोळा ठेवूनच. पुढे रूळ टाकले, जिन-प्रेस उभे राहिले. त्यांचं मुख्य काम गाठी बांधून बाहेर पाठवणं. इथला कापूस इथंच कापड होऊन निघाला, तर उशिरा का होईना, हिशेब थोडा सुलटा होईल.

पण कारखानदार काही फलक वाचून येत नाही. तो आधी अचलपूरच्या फिनले मिलचं काय झालं ते विचारतो. 2020 च्या टाळेबंदीत ती बंद पडली आणि कामगार आंदोलनं करत बसले. मग तो पाणी विचारतो, आणि इथं आमची बोलती बंद होते. अमरावतीची तहान भागते सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणावर. नांदगाव पेठच्या 1350 मेगावॅटच्या वीज प्रकल्पाला त्याच धरणाचं पाणी द्यायचं ठरलं, तेव्हा सिंचनाचं पाणी पळवलं म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले होते. इकडे भातकुली-दर्यापूर खारपाणपट्ट्यात; विहिरीला पाणी असून तोंडात धरवत नाही. रंगाई-धुलाईचे कारखाने येणार असतील तर पाणी कुठून आणणार आणि वापरलेलं कुठं सोडणार, हे माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापायला हवं. पेढी नदीत सोडणार असाल तर तेही छापा, म्हणजे आम्हाला आधी कळेल.

दुसरं गिऱ्हाईक तर जाहिरातीत दिसतच नाही. सातपुड्यातून, मध्य प्रदेशातल्या भैसदेही-बैतुलकडून माणसं परतवाड्याच्या बाजारात येतात, दुखणं मोठं असलं तर अमरावतीच्या इर्विन दवाखान्यापर्यंत पोचतात. रोग्यासोबत आलेल्यांनी रात्री टेकायचं कुठं? ज्या गाडगेबाबांनी पंढरपूर-नाशिकला परक्या माणसांसाठी धर्मशाळा बांधल्या, ते 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ, याच पेढीच्या पुलावर गेले. त्यांचं नाव आम्ही विद्यापीठाला दिलं, नगराला दिलं. सीमेपलीकडच्या माणसाला स्वस्त खोली आणि गरम जेवण देणारं शहर, ही ओळख मात्र कोणाला विकावीशी वाटत नाही. प्लॉटइतका नफा नसेल त्यात.

आणि घरचं गिऱ्हाईक? संध्याकाळी पुण्याच्या ट्रॅव्हल्स भरभरून सुटतात. ‘पोट्टं पुण्याले हाय’ हे आमच्याकडे थोड्या अभिमानानं आणि बऱ्याच नाइलाजानं सांगतात. माझ्या हाती असतं तर पहिला फलक मी त्या ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर लावला असता. विमानाचं चित्र नको. पार्कात कोणत्या कामाला पगार किती, राहायला खोली कितीत, नळाला पाणी दिवसाआड की रोज, आणि दुसरी पाळी सुटल्यावर वलगावकडे यायला एसटी आहे का, एवढं लिहा.