दोघांचे बिऱ्हाड आणि महानगराची दारे

मुंबईच्या घरांचा प्रश्न निघाला की चर्चा दोन टोकांभोवती फिरू लागते. एका टोकाला झोपडपट्टी आणि तिचे पुनर्वसन, दुसऱ्या टोकाला मालकीचा फ्लॅट आणि त्याचे कर्ज. या दोहोंच्या मध्ये जो मोठा समाज उभा आहे त्याच्याकडे ना शासनाचे लक्ष जाते, ना डाव्या चळवळीचे. बदलीवर आलेला बँकेचा कारकून आणि त्याची पत्नी, वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी आलेली परिचारिका आणि तिचा नवरा, पदव्युत्तर शिक्षण घेणारी तरुणी आणि तिच्यासाठी गावची नोकरी सोडून आलेला तिचा जोडीदार, परळच्या टाटा रुग्णालयात सहा महिने उपचार घेण्यासाठी आलेले वृद्ध दांपत्य, ही सारी या समाजातील माणसे. त्यांना मुंबईत घर विकत घ्यायचे नाही. त्यांना सहा महिने, वर्ष, फार तर दोन वर्षे दोघांना नीट राहता येईल अशी जागा हवी आहे. ती खिशाला परवडावी आणि संध्याकाळी परतल्यावर मन प्रसन्न व्हावे इतकी देखणी असावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते. या साध्या अपेक्षेला महानगरात जवळजवळ स्थान उरलेले नाही, आणि यात दोष केवळ बाजाराचा नाही.

एकट्या माणसाची सोय या शहराने पूर्वीपासून कशीबशी केली. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावकऱ्यांनी सामायिक खोल्या घेतल्या, पाळीपाळीने झोप काढली आणि बायकांनी चालविलेल्या खानावळींत पोट भरले. गोव्याच्या दर्यावर्दी मंडळींनी धोबीतलावाच्या परिसरात आपापल्या गावांच्या नावाने ‘कूड’ उभारले. तेथे बोटीची वाट पाहणारा खलाशी नाममात्र वर्गणीत राहू शके. पुढे नोकरदार स्त्रियांची वसतिगृहे झाली, विद्यार्थ्यांची झाली. या साऱ्या व्यवस्थांनी गृहीत धरलेला माणूस मात्र एकटाच होता. बायको गावी असावी आणि नवऱ्याने मनीऑर्डर पाठवावी, हा त्या काळचा संसार. दोघांनी मिळून शहरात यावे, दोघांनीही कमवावे किंवा शिकावे आणि काही काळानंतर निघून जावे, ही कल्पना त्या व्यवस्थेच्या हिशेबात नव्हती. १९७० सालच्या ‘मुंबईचा जावई’ या चित्रपटात नवपरिणीत जोडप्याला एकांताचा कोपरा मिळत नाही म्हणून प्रेक्षक हसले. १९७७ सालच्या ‘घरौंदा’त घरासाठी पैसे साठविणारे जोडपे बिल्डरकडून फसविले गेले तेव्हा हसण्याजोगे काही उरले नव्हते.

भाड्याच्या घराचा इतिहास हा कायद्यांचाही इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, ते आवश्यकच होते. परंतु भाडे गोठविताना नवी भाड्याची घरे कोण बांधणार, या प्रश्नाचे उत्तर राज्यसंस्थेने दिले नाही. खासगी मालकाने बांधणे थांबविले आणि सरकारने त्याची जागा घेतली नाही. मधल्या पोकळीत पागडी फोफावली. मग ‘लिव्ह अँड लायसन्स’ची पळवाट निघाली. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा जागांत राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्या रहिवाशांना न्याय मिळाला, पण त्यानंतर कित्येक मालकांनी घराला कुलूप घालणेच शहाणपणाचे मानले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा २००० साली अमलात आला. त्याने तोल पुन्हा मालकाकडे झुकविला. मुदत संपताच जागा सोडली नाही तर दुप्पट रक्कम भरण्याची जबाबदारी राहणाऱ्यावर टाकली आणि इतकी वर्षे गुन्हा मानली गेलेली पागडीही कायदेशीर केली. मालकाची भीती घालविण्यासाठी एवढे सारे केल्यावर घरे बाजारात यावयास हवी होती. प्रत्यक्षात २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली, आणि एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार. भाडेकरूच्या हक्कांमुळे घरे बंद राहतात हा युक्तिवाद त्या आकड्यांपुढे टिकत नाही. घर ही राहण्याची वस्तू न उरता पैसा दडविण्याची आणि वाढविण्याची वस्तू झाली, हे खरे कारण आहे.

आता या बाजारात उतरणाऱ्या जोडप्याचा हिशेब मांडून पाहावा. समजा, उपनगरातील एका खोली-स्वयंपाकघराचे भाडे महिना ३० हजार रुपये आहे, मालक १ लाख अनामत मागतो आणि दलाल रिवाजाप्रमाणे एका महिन्याचे भाडे घेतो. पहिल्या महिन्याच्या भाड्यासह उंबरा ओलांडण्यापूर्वीच १ लाख ६० हजार रुपये मोजावे लागतात. जोडप्याला सहाच महिने राहावयाचे असेल तर दलालीचा बोजा दरमहा ५ हजार रुपये पडतो. म्हणजे भाडे ३० नव्हे, ३५ हजार झाले. याउलट करार कायद्याप्रमाणे नोंदविण्याचा खर्च किती? एकूण भाडे आणि अनामतीवरील १० टक्के दराने धरलेले व्याज यांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे अकरा महिन्यांच्या अशा कराराला साडेआठशे रुपयांच्या आसपास, आणि शहरी भागात नोंदणी फी १ हजार रुपये. भार शासनाच्या कागदाचा नाही, तो मध्यस्थाचा आणि अनामतीचा आहे. केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे म्हटले आहे. पण तो नमुना आहे, राज्याने आपला कायदा केला तरच तो उपयोगाचा.

पैशाची अडचण ओलांडली तरी प्रश्न संपत नाही. ‘आपण कोण?’ हा प्रश्न दारातच विचारला जातो, आणि त्याचा अर्थ ‘जात कोणती, धर्म कोणता, मांसाहार करता का, लग्नाचा दाखला आहे का?’ असा असतो. गृहनिर्माण संस्था सहकाराच्या नावाने स्थापन होतात आणि गावकुसाप्रमाणे वागतात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारे पोटनियम ग्राह्य धरले. त्या निर्णयाची सावली आजही पडलेली आहे. आंतरजातीय विवाह केलेल्या तरुण-तरुणीला घरच्यांनी दार बंद केले आणि शहरानेही बंद केले, तर त्यांनी जावे कोठे? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी सुरक्षित निवाऱ्याची व्यवस्था करण्याविषयी राज्यांना निर्देश दिले. हा निवारा आणीबाणीतला. त्यानंतरच्या साध्या वर्ष-दीड वर्षाच्या बिऱ्हाडाचे काय? जातिनिर्मूलनाच्या सभेत ज्यांच्या लग्नाला टाळ्या पडतात त्यांना दुसऱ्या दिवशी भाड्याची खोली मिळत नसेल, तर त्या टाळ्यांची किंमत काय?

आजाऱ्यांच्या वाट्याला तर याहून कठोर अनुभव येतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आसरा देते. ही परंपरा महाराष्ट्राला भूषणावह आहे. पण दर्जेदार उपचार मोजक्याच शहरांत मिळत असताना धर्मशाळा किती जणांना पुरणार? म्हणून टाटा रुग्णालयाभोवतीच्या पदपथांवर माणसे पथारी टाकतात. २०२१ साली म्हाडाची १०० घरे या रुग्णांच्या नातलगांसाठी देण्याचे ठरले, तेव्हा तेथील रहिवाशांनी विरोध केला आणि जागा बदलावी लागली. विरोध करणारी माणसे दुष्ट नव्हती. स्वतःच्याच घरासाठी वर्षानुवर्षे ताटकळलेल्या माणसाला दुसऱ्याचा निवारा हा आपल्या हक्कावरचा घाला वाटू लागतो. टंचाईने गरिबाला गरिबाच्या विरुद्ध उभे केले जाते, याचे हे उदाहरण आहे.

येथे चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. परवडणारे घर ही मागणी डाव्या सभांतून सातत्याने होते. घर सुंदर असावे, ही मागणी मात्र कोणी केली की तिला मध्यमवर्गीय चोचले ठरविले जाते. उजेडाची खिडकी, भिंतीचा प्रसन्न रंग, स्वतंत्र स्वच्छतागृह, चार पुस्तके ठेवावयास फडताळ आणि दोघांना एकांत, हे चोचले कसे? साधेपणा आणि कळकटपणा यांत फरक आहे. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या नेत्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळाची धुरा घेतली. रोजच्या वापरातली वस्तू सुंदर असणे हा सामान्यांच्या जगण्याचाच भाग आहे, याच श्रद्धेने त्यांनी पुढील आयुष्य वेचले. सौंदर्य श्रीमंतांकडे सोडून देणे हा समाजवाद नव्हे.

व्हिएन्ना शहराचा अनुभव या दृष्टीने मोलाचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली तेथील महापालिका सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या हाती आली. त्यांचे अर्थप्रमुख ह्यूगो ब्राइटनर यांनी १९२३ साली गृहबांधणी कर बसविला. त्याची रचना अशी की, आलिशान घरांत राहणाऱ्यांनी अधिक भरावे आणि लहान घरांवर नगण्य भार पडावा. त्या पैशातून १९३४ पर्यंत ६० हजारांहून अधिक घरे उभी राहिली. ती विकली नाहीत, भाड्याने दिली. १९३० साली पुरी झालेली ‘कार्ल मार्क्स होफ’ ही वसाहत एक किलोमीटरहून लांब पसरली आहे. तीत मोठमोठ्या कमानी आणि विस्तीर्ण अंगणे आहेत, आणि रहिवाशांसाठी धुलाईघरे, बालवाड्या, ग्रंथालयही होते. कामगाराचे घर राजवाड्यासारखे दिसावे ही कल्पना फॅसिस्टांना इतकी सलली की १९३४ च्या फेब्रुवारीत त्या इमारतीवर तोफा डागल्या गेल्या. इमारत टिकली, धोरणही टिकले. आज त्या शहरातील सुमारे निम्मे नागरिक महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात.

मुंबईलाही संधी आल्या होत्या. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याचा आधार घेऊन मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घ लढा दिला आणि गोरेगावला नागरी निवारा वसाहत उभी केली. हजारो कुटुंबांना त्यातून घरे मिळाली. तो कायदा महाराष्ट्राने २००७ साली गुंडाळला. गिरण्यांच्या जमिनींपैकी एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी व सार्वजनिक घरांसाठी देण्याचा १९९१ चा नियम २००१ साली बदलून तो वाटा केवळ मोकळ्या जमिनीपुरता उरला. २००८ साली एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली. घरे १६० चौरस फुटांची, म्हणजे बीडीडी चाळीतील खोलीएवढी! पुढे भाड्याची ती मूळ कल्पनाही सोडून देण्यात आली. दरम्यान पर्यटकांना रात्रीच्या दराने घरे देण्याचा धंदा जगभर वाढला. बार्सिलोना शहराच्या महापौरांनी २०२४ साली जाहीर केले की अशा १०,१०१ घरांचे परवाने २०२८ नंतर चालू ठेवले जाणार नाहीत. कारण पाहुण्याच्या चार रात्रींसाठी रहिवाशाचे वर्षभराचे घर हिरावले जाते. महानगराला पाहुणा नको असे कोणी म्हणत नाही. त्याच्यासाठी वेगळी घरे बांधा, राहणाऱ्याच्या ताटातले काढू नका, एवढेच म्हणणे आहे.

यातून मागण्या स्पष्ट होतात. म्हाडाने व महापालिकांनी कधीही विकावयाची नाहीत अशी भाड्याची घरे बांधावीत आणि त्यांतील ठरावीक हिस्सा तीन महिने ते दोन वर्षे राहणाऱ्या जोडप्यांसाठी राखावा, रुग्णालयांजवळ तो अधिक असावा. अनामतीला दोन महिन्यांची मर्यादा कायद्याने घालावी. कॅनडातील व्हँकुव्हर शहराने २०१७ पासून रिकाम्या घरांवर कर बसविला, तसा तो मुंबईत बसवावा. जात, धर्म, आहार वा वैवाहिक स्थिती यांवरून घर नाकारणाऱ्या गृहनिर्माण संस्थांच्या सवलती काढून घ्याव्यात.

तथापि कायदे होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी १९९९ च्या कायद्याने मालकावर टाकली आहे. तसा करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते, हे किती भाडेकरूंना ठाऊक आहे? भाड्याने दिलेल्या सदनिकेवर संस्थेला सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक बिनभोगवटा शुल्क लावता येत नाही, हा २००१ चा शासकीय आदेश किती सभासदांनी वाचला आहे? प्रत्येक शाखेने आठवड्यातून एक संध्याकाळ भाडेकरू मार्गदर्शनासाठी द्यावी, दलालीशिवाय मिळणाऱ्या खोल्यांची वही ठेवावी आणि नवख्या जोडप्यासोबत कोणीतरी जाणते माणूस सोसायटीच्या दारापर्यंत पाठवावे. ही कामे मोर्चाइतकी गाजणार नाहीत, पण त्यांतून माणसे जोडली जातील.

आणि एक नाजूक गोष्ट. सहानुभूतीदारांपैकी कित्येकांच्या नावावर आज दुसरे घर आहे. मुलगा परदेशी गेला म्हणून किंवा पुढेमागे भाव येईल म्हणून ते कुलूपबंद आहे. नव्या समाजाची भाषा बोलणाऱ्यांनी ती कुलुपे आधी काढावीत. वाजवी भाडे घ्यावे, दोन महिन्यांचीच अनामत घ्यावी, करार नोंदवावा आणि येणाऱ्या जोडप्याला आडनाव विचारू नये.