छेदात छेद मिळवू नका

वर्गमित्रांनो आणि शाळा पाहायला आलेल्या पालकांनो,

समच्छेद अपूर्णांकांची बेरीज फार सोपी, असे सगळे म्हणतात. तरी मी चुकलो. गुरुजींनी फळ्यावर ३/८ + २/८ लिहिले. मी वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा मिळवला आणि ५/१६ लिहून मोकळा झालो. भोपळा मिळाला.

घरी आजोबांना वही दाखवली. आमची विहीर सामाईक आहे. आठ दिवसांची पाळी. तीन दिवस आमची मोटार चालते, दोन दिवस काकांची आणि तीन दिवस भावकीची. आजोबा म्हणाले, "आपले तीन अन् काकाचे दोन, किती झाले?" मी म्हणालो, "पाच." "आठातले का सोळातले?" मी गप्प! "अरे, सोळातले पाच म्हणजे आठातले अडीच. दोघांचं मिळून आपल्या एकट्याच्या तिनापेक्षा कमी! असा हिशेब केलास तर गहू वाळून जाईल की रं."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आठातून पाच गेले, भावकीचे तीन राहिले: ८/८ – ५/८ = ३/८. वजाबाकीतही आठ जागचा हलत नाही.

आजोबांच्या लहानपणी रुपयाचे १६ आणे होते. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पाच आणे आणि तीन आणे मिळून आठ आणे, म्हणजे ५/१६ + ३/१६ = ८/१६, अर्धा रुपया. कोणी दुकानदार बत्तीस आणे धरत नव्हता!

कोणी म्हणेल, "छेद तोच ठेवावा" हा नियम पाठ केला की झाले. पण पाठ केलेले परीक्षेत विसरते. माझे मत असे आहे की, "तीन छेद आठ" म्हणण्याआधी "आठातले तीन" असे वाचावे. छेद म्हणजे एकूण किती सारखे वाटे केले ते, आणि अंश म्हणजे त्यातले किती घेतले ते. बेरीज घेतलेल्या वाट्यांची करायची.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पाण्याचा एकेक दिवस मोलाचा. म्हणून पालकांनो, विहिरीच्या पाळीवर नाहीतर ताटातल्या भाकरीच्या चतकोरांवर मुलांना रोज एक हिशेब विचारा. एक चतकोर आणि दोन चतकोर मिळून तीन चतकोरच होतात, हे जेवताना कोणी चुकत नाही. मग वहीत का चुकावे?

— इयत्ता पाचवीतील एक विद्यार्थी