घरपट्टीसुद्धा मरहूमचं कर्जच आहे

जनाज्याच्या नमाजआधी आपल्याकडे जाहीर करतात : मरहूमकडे कुणाचं देणं असेल तर वारसांना भेटा. किराणावाला भेटतो, हातउसने देणारा भेटतो. नगरपालिका भेटायला येत नाही. म्हणून तिचं देणं आपण देणंच मानत नाही.

परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या मोहल्ल्यांतली कुलूपबंद घरं बघा. मालक अल्लाहला प्यारे झाले, मुलं पुण्या-मुंबईत किंवा आखातात. तिकडच्या फ्लॅटचा हप्ता ठरल्या तारखेला कापला जातो. इकडचं घरपट्टीचं बिल दाराच्या फटीत पडून राहतं. कुणी भरायचं हे ठरत नाही, म्हणून कुणीच भरत नाही.

महापालिका असो की नगरपालिका, थकलेल्या मालमत्ता करावर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते. 10,000 रुपये थकले तर वर्षाला 2,400. व्याज हराम म्हणून बँकेच्या कर्जाला हात न लावणारी माणसं हा भुर्दंड निवांत वाढू देतात. ‘अभय योजनेत भरू’ म्हणतात. त्या योजनेत सवलत मिळते ती शास्तीत, मूळ कर सुटत नाही.

शेतीचा सारा तर किरकोळ असतो. पण तोही थकला, लिलावात बोली लागली नाही आणि सरकारने नाममात्र किमतीत जमीन घेतली, की ती ‘आकारी पड’ होते. जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 220 मध्ये ती सोडवायला 12 वर्षांची मुदत होती. मुदत गेलेल्यांसाठी राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी 2025 मध्ये वाट काढली : बाजारमूल्याच्या 5 टक्के भरा. म्हणजे किरकोळ साऱ्यापायी बापजाद्यांची जमीन पुन्हा पैसे मोजून घ्यायची!

काही जण म्हणतील, मोहल्ल्यात गटार तुंबलेली, नळाला पाणी नाही, कर कशाला भरायचा? तक्रार खरी आहे. पण थकबाकीदाराची तक्रार साहेब हसून बाजूला ठेवतो. पावती हातात ठेवून माहिती अधिकाराचा अर्ज टाका, मग बघा.

आणि आता घरातली गोष्ट. गावात राहिलेला एखादा भाऊ वर्षानुवर्षं पट्टी भरतो आणि एक दिवस म्हणतो, घर माझं. नाही. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. त्याने भरलेल्या पैशाचा हिशेब सगळ्या वारसांनी करून द्यावा, ते त्याचं येणं आहे. पण त्यातून बहिणीचा हिस्सा बुडत नाही. कुरआनचा क्रम स्पष्ट आहे : आधी मरहूमचं कर्ज आणि वसीयत, मग वारसांचे हिस्से. आपण कर्ज फेडत नाही आणि हिस्सेही देत नाही.

2025 मध्ये वक्फ मालमत्तांची कागदपत्रं उम्मीद पोर्टलवर चढवताना किती धावपळ झाली, ते आपण पाहिलं. त्याच वर्षी सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला. तरी किती सातबारे अजून दादाजींच्याच नावावर आहेत? कौमच्या जमिनीसाठी मोर्चा काढणाऱ्याने आधी स्वतःचा सातबारा उघडावा.

या आठवड्यात भावाबहिणींना एकत्र फोन लावा. थकबाकीचा आकडा मागवा, वाटून भरा, प्रत्येकाला पावतीचा फोटो पाठवा. शेताच्या वारस नोंदीसाठी ई-हक्क प्रणालीवर अर्ज करा. त्या अर्जात फुफी आणि आपांची नावं नसतील, तर दाबलेला हिस्सा हेही कर्जच आहे. त्याला अभय योजना नाही.